गुडघ्याभोवतीची मात्रा

अण्णा पुराणिक इंग्रजी शिकवायचे ते गुडघ्यावर. मी थट्टा करत नाही. मुलांना जमिनीवर मांडी घालून बसवायचे, उजवा तळहात उजव्या गुडघ्याभोवती एकदा फिरवून चुटकी वाजवायला लावायचे आणि म्हणायचे, ही झाली एक मात्रा. हात एकदा फिरेपर्यंत जो स्वर म्हणून होतो तो ऱ्हस्व, दोनदा फिरेपर्यंत लांबतो तो दीर्घ. शिप म्हणजे जहाज, हात एकदा. शीप म्हणजे मेंढी, हात दोनदा. धारच्या आमच्या शाळेत पत्र्याच्या छताखाली सगळा वर्ग एकदम हात फिरवायला लागला की शेजारच्या खोलीत मला त्रैराशिक शिकवणं अशक्य व्हायचं. मी दारात जाऊन म्हणायचे, "अहो पुराणिक, जात्यावर दळण चाललंय की इंग्रजी?" ते हसून म्हणायचे, "सुमंगलाबाई, पीठ बारीक निघालं पाहिजे."

पद्धत त्यांची स्वतःची, पण माप वडिलांचं. वडील देवळात पूजा सांगायचे, आणि अण्णांना लहानपणी मंत्रांची संथा देताना मात्रा अशीच गुडघ्याभोवती मोजायला शिकवली होती. पुढे अण्णांनी इंदूरला बी.ए. केलं. तिथल्या प्राध्यापकांनीही आयुष्यात इंग्रज पाहिला नव्हता. ते पुस्तक उघडून वाचून दाखवायचे आणि मिटून घरी जायचे. त्या पुस्तकात लिहिलं होतं की इंग्रजीत स्वर दोन तऱ्हेचे, लांब आणि आखूड. एवढं वाचलं आणि अण्णांचा आनंद गगनात मावेना. ही तर घरचीच विद्या! सगळं जग ज्या भाषेला भितं तिचं माप आपल्या वडिलांच्या गुडघ्यावर आहे, असं त्यांना वाटलं, आणि त्यानंतर शंका म्हणून कधी आली नाही.

आणि यावी तरी का? एक गोष्ट त्यांनी खरोखर करून दाखवली होती. आमच्या माळव्यात पैशाला पेसा म्हणतात आणि औरला ओर. मुलं बॅटला बेट म्हणायची, कॅटला केट, हॉटला होट. अण्णांनी त्यांची तोंडं उघडवून, दोन बोटं दातांत आडवी धरायला लावून ती खोड मोडली. गंधवानीकडून आलेली, घरी भिलाली बोलणारी पोरंसुद्धा स्वच्छ 'ॲ' म्हणायला लागली. भोपाळहून एक साहेब तपासणीला आला, स्वतः स्कूलला इस्कूल म्हणणारा. त्याने गुडघ्याभोवती फिरणारे हात पाहिले आणि सगळ्यांसमोर अण्णांची पाठ थोपटली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी ओसरीवर शिकवणी सुरू केली तेव्हा आईबाप पोरांना हाताला धरून आणून सोडायचे. मी दोन घरं पलीकडे राहते. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात फोडणी तडतडायची आणि त्यांच्या ओसरीवर मेंढ्या लांबायच्या.

अण्णांच्या पत्नी, बकुळावहिनी, फार लवकर गेल्या. त्यांची मुलगी देवश्री तेव्हा प्राथमिक शाळेत होती. आई नसलेल्या पोरीला काय द्यावं हे पुरुषाला कळत नाही, म्हणून अण्णांनी आपल्याकडे होतं ते सगळं तिला दिलं. सकाळी वेणी घालता घालता शब्द, जेवताना शब्द, निजताना शब्द. वेणी वाकडी असायची, स्वर मात्र मापात. शाळेच्या स्नेहसंमेलनात ते तिला टेबलावर बसवायचे आणि ती एवढीशी पोर हात फिरवत इंग्रजी शब्द म्हणायची. लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या आहेत.

तिला बागलीला दिलं. घर जुन्या वळणाचं, मानपान सांभाळणारं; नवरा देवासच्या एका कारखान्यात नोकरीला. चांगला होता बिचारा. काविळीत गेला. सासरच्यांनी तेरावं नीट केलं, देवश्रीला दोन साड्या घेतल्या आणि आडून आडून सांगितलं की तू शिकलेली आहेस, तुझं तू बघ. तेव्हापासून ती देवासला टेकरीच्या खालच्या अंगाला भाड्याची खोली घेऊन राहते, ती आणि तिची लेक चिऊ. नोकरी टोंकखुर्दच्या एका लहानशा शाळेत. सकाळी अंधुक असताना बस पकडायची, दिवस मावळता यायचं. चिऊ शाळेतून आली की आई येईपर्यंत घरमालकिणीच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसायची. घरमालकीण वाईट नव्हती, पण तिने कधी त्या पोरीला आत ये म्हटलं नाही.

खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक मोठी इंग्रजी शाळा होती. तिथे शिक्षिकांच्या मुलांना फी न लावता दाखल करून घेत. देवश्रीला तिथे इंग्रजीची जागा मिळाली असती तर मायलेकी एकत्र घरातून निघून एकत्र परत आल्या असत्या, आणि ती पायरी सुटली असती. एवढंच हवं होतं तिला. शाळेत वर्गावर एक पाठ घ्यायला लावायचे, नमुन्याचा. दोनदा तिने तो दिला. दोनदा "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. अण्णा म्हणायचे, "वशिला लागत असेल, नाहीतर माझ्या पोरीच्या उच्चाराला नाव ठेवायला जागा नाही."

मग दिवाळीत रणवीर आला. गंधवानी रस्त्यावरच्या एका गावचा, अण्णांचा जुना विद्यार्थी. इंदूरच्या कुठल्याशा कंपनीत तो मोठा झाला होता. परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायला ती कंपनी पोरं ठेवते आणि तो त्यांची निवड करतो. अण्णांच्या पाया पडला, मिठाईचा डबा ठेवला. मी फराळाचं ताट घेऊन तिथेच होते, देवश्री आणि चिऊही माहेरी आल्या होत्या.

"सर, पेचाना के नी?" तो म्हणाला, आणि अण्णांनी त्याला बापाच्या नावासकट ओळखलं. मग रंगात येऊन सांगायला लागला, "सर, अपने धार के छोरे आते हैं ना इंटरव्यू में, मैं तो आँख बंद करके बता दूँ, ये पुराणिक सर का चेला हे. सब खेंच-खेंच के बोलते हैं. पूरा ऑफिस पेचान जाता हे!"

अण्णांचा चेहरा उजळला. "मग घेता ना त्यांना? ले लेते हो ना?"

रणवीरने चकलीचा तुकडा तोंडात टाकला. "सर, वो... ऊपर वाले नी मानते. मेरी भी बोली छुड़वाई थी ट्रेनिंग में. बड़ी मुश्किल से छूटी, सर." आणि लगेच त्याने विषय बदलला, गावात पाणी कसं आहे, सोयाबीन कसं आलं.

अण्णांनी यातलं अर्धंच ऐकलं. आवाजावरून ओळखतात, आवाजावरून! पुढे कितीतरी दिवस किराणावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ते हेच सांगत होते. देवश्री मात्र चहाचे कप हातात घेऊन दारात उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. कप ठेवून ती मागच्या अंगणात गेली. मी पाठोपाठ गेले, तर तुळशीच्या कठड्याला टेकून उभी.

"मावशी, मला दोनदा का नाही घेतलं, समजलं मला," ती म्हणाली. "मुलं हसायची. मला वाटायचं खूश आहेत."

"अगं, तो रणवीर एक शहाणा. त्याचं काय मनावर घेतेस," मी म्हटलं, पण माझ्या बोलण्यात दम नव्हता आणि तिलाही ते कळलं.

"अण्णांना नका बोलू काही. मी करून घेईन. मोबाईलवर सगळं येतं आजकल, ऐकून-ऐकून करून घेईन."

आणि तिने मनापासून केलं, हे मी छातीठोकपणे सांगते. टोंकखुर्दच्या बसमध्ये कानात वायर घालून बसायची. भाजी चिरताना, केर काढताना तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. मला फोन करून म्हणायची, मावशी, लांबवायचं नसतंच हो, तोंडाचा आकारच बदलतो. पण सारखी सवय मध्ये येते. मी बोलायला जाते आणि हात आधी उठतो. मी म्हणायचे, उठू दे, तू त्याच्याकडे बघू नकोस. मला काय कळतंय त्यातलं! पण पोरगी एकटीने झगडत होती आणि कुणीतरी हो ला हो म्हणायला हवं होतं.

संक्रांत झाली आणि त्या शाळेने तिला तिसऱ्यांदा बोलावलं. अण्णा म्हणाले, या वेळी मी येणार. देवश्रीने मला फोन केला. "मावशी, तुम्ही पण या. अण्णांना बाहेर गोष्टींमध्ये लावून ठेवा, बस." तेव्हा मी त्यांच्याबरोबर निघाले. इंदूरच्या गंगवाल स्टँडवर बस बदलून देवासला पोचेपर्यंत अण्णा वर्गात काय घ्यावं, कसं घ्यावं, यावरच बोलत होते. त्यांनी नवा सदरा शिवला होता.

संध्याकाळी देवश्री ओट्याशी पोळ्या लाटत होती आणि हळू आवाजात शब्द म्हणत होती. खरं सांगते, मला गणितवालीलाही फरक कळला. शब्द सुटसुटीत येत होते, टीव्हीवर येतात तसे. ओढाताण नव्हती. मला इतकं बरं वाटलं! चिऊच्या वेणीला रिबीन बांधता बांधता मी मनात म्हटलं, मिळाली हिला नोकरी.

अण्णा खाटेवर बसले होते. त्यांची मान वर झाली.

"देवश्री, आखूड पडतोय स्वर."

लाटणं थांबलं. "अण्णा, आता असंच बोलतात."

"कोण बोलतात?"

"मोबाईलमध्ये आहे ना. बाहेरचे लोक शिकवतात, इंग्लंडचे."

"मोबाईलला संथा कुणी दिली?" अण्णा म्हणाले. रागाने नाही, अगदी प्रेमाने म्हणाले, आणि तेच वाईट. "घाबरला की माणूस स्वर गिळतो. लहानपणीही तुझं असंच व्हायचं. ये, बस इथे."

मी मध्ये पडले. "अण्णा, तिचं तिला करू द्या की. उद्या ती उभी राहणार आहे, तुम्ही नाही."

"सुमंगलाबाई, तुमच्या गणितात मी कधी बोललो?"

मी देवश्रीकडे पाहिलं. मला वाटलं, आज ही तोंड उघडेल. रणवीर काय म्हणाला ते पुरतं सांगेल आणि एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. तिने हात पुसले. नीट पुसलेही नाहीत, बोटांना पीठ होतं. खाली बापासमोर मांडी घालून बसली. नवरा गेलेली, एका पोरीची आई, गावोगाव बसने फिरून पोट भरणारी बाई, आणि लहान पोरीसारखी बसली. गुडघ्याभोवती हात फिरवून म्हणायला लागली. एकदा. दोनदा. अण्णा डोळे मिटून ऐकत होते आणि चुकलं की बोट वर करत होते. चिऊलाही गंमत वाटली, तीही आजोबांच्या शेजारी बसून हात फिरवायला लागली. ती फोनवरून आजोबांकडे रोज शिकायची, तिला सगळं यायचं. तवा तापून धूर यायला लागला तेव्हा मी उठून गॅस बंद केला. पोळ्या मीच केल्या आणि दोन करपवल्या. मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला होता, आणि तो इतका खुशीत होता की बोलताही येईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं, अण्णा, मी आणि चिऊ, त्या शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. फरशी चकचकीत, भिंतींवर मुलांची चित्रं. वर्गाची खिडकी उघडी होती. देवश्रीचा आवाज यायला लागला तेव्हा मी कान टवकारले. पहिले काही शब्द तिने तिचे म्हटले, बसमध्ये घोकलेले. मग कुठेतरी ती अडखळली. आणि त्यानंतर अण्णांचा आवाज बाईच्या गळ्यातून यावा तसे शब्द यायला लागले, लांब, मोजलेले. मी उठून खिडकीतून डोकावले. ती फळ्यापाशी उभी होती आणि तिचा उजवा हात साडीच्या निऱ्यांवर गोल फिरत होता. तिला पत्ताही नव्हता. पहिल्या बाकावरच्या मुलाने तसाच हात फिरवला, मग त्याच्या शेजारच्याने, आणि सगळा वर्ग खिदळायला लागला.

"बघा," अण्णा बाकावरून म्हणाले, "मुलं कशी रंगली आहेत."

चिऊ भिंतीवरची चित्रं बोटाने मोजत होती.

थोड्या वेळाने मुख्याध्यापिका देवश्रीबरोबर बाहेर आल्या. पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या बाई. तिला पुन्हा वाट बघत ठेवू नये म्हणून त्यांनी तिथेच उभं राहून बोलायचं ठरवलं असावं. आम्ही कोण हे त्यांना माहीत नव्हतं.

"आपका पढ़ाने का मन बहुत है, दिखता है," त्या म्हणाल्या. "इसीलिए तीसरी बार बुलाया. पर उच्चारण का क्या करें? ये छोटा और लंबा, सिर्फ समय की बात नहीं है. मुँह ही अलग बनता है, जीभ दूसरी जगह जाती है. कई बार तो किताब जिसको लंबा कहती है वो पहले खत्म हो जाता है. छोटे बच्चे हैं, जो सुनेंगे वही पकड़ लेंगे. फिर छूटता नहीं है. आप तो जानती हैं."

देवश्री मान खाली घालून "जी" म्हणाली.

अण्णा उठले. सदरा नीट केला आणि दोन पावलं पुढे येऊन हात जोडले. "मॅडम, दो मात्रा कम पड़ती है क्या? हम ढाई करवा लेंगे. एक महीना दीजिए."

बाई गोंधळल्या. "सर, मात्रा का हिसाब ही नहीं है इसमें." मग देवश्रीकडे वळून म्हणाल्या, "किसने सिखाया था आपको ऐसे?"

"स्कूल में, मॅडम," देवश्री पटकन म्हणाली. "छोटी जगह का स्कूल था."

"मैंने," अण्णा म्हणाले.

त्या बाईंचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी माफी मागितली, पाणी मागवलं, या वयात इतक्या लांबून आलात म्हणाल्या. चांगल्या होत्या हो. वाईट असत्या तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या. परत येताना चिऊने आईचा हात हलवून विचारलं, "आई, आता मी इथे येणार ना?" देवश्रीने तिच्या वेणीची सुटलेली रिबीन पर्समध्ये टाकली आणि "चल पटकन" एवढंच म्हणाली.

खोलीवर आल्यावर कुणी जेवलं नाही. अण्णा खाटेवर बसून होते. मग म्हणाले, "तो मोबाईल लाव. ऐकू दे मला."

देवश्रीने लावला. कुणी गोरी बाई जोडीजोडीने शब्द म्हणत होती. अण्णांनी डोळे मिटले. त्यांचा कान पक्का. वडिलांनी मारून मुटकून घडवलेला कान तो. मला वाटलं होतं ते हट्टाने म्हणतील की ही बाई चुकते आहे. तसं म्हणाले असते तर किती बरं झालं असतं! एकदा ऐकलं, परत लावायला सांगितलं, आणि म्हणाले, "हो. वेगळा आहे. स्वरच वेगळा आहे."

मग त्यांनी तो म्हणून पाहिला. हात उठला. त्यांनी डाव्या हाताने उजवा दाबून धरला आणि पुन्हा म्हटलं. तोच आला, जन्मभराचा, लांबलचक. पुन्हा ऐकलं, पुन्हा म्हटलं. ओठ ताणून पाहिले, जबडा खाली सोडून पाहिला. त्यांना ऐकू येत होतं आणि म्हणता येत नव्हतं. चिऊ फिसकन हसली आणि देवश्रीने तिला डोळ्यांनी दटावलं.

"रणवीर कौतुक करत नव्हता," अण्णा म्हणाले.

देवश्रीने मोबाईल बंद केला, तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"बाई, किती पोरं झाली असतील हो माझ्या हाताखालून?"

गणिताच्या बाईला विचारलेला प्रश्न. वर्ग माहीत होते, तुकड्या माहीत होत्या, सालं माहीत होती. मी हिशेब केला नाही. "त्यातली कितीतरी चांगली मार्गाला लागली," मी म्हटलं. इंदूरच्या त्या कचेऱ्यांच्या दारातून परत आलेली धारची पोरं त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली असणार, बापाच्या नावासकट, कारण त्यांना सगळ्यांची नावं आठवतात. आणि त्या सगळ्यांत पुढे त्यांची स्वतःची पोर, टेबलावर बसलेली. मला रडू येत होतं आणि माझा राग गेलेला नव्हता. या माणसाने कुणाला फसवलं नव्हतं. आळस केला नव्हता. जेवढं होतं तेवढं सगळं पोरांना देऊन टाकलं होतं, आणि ते चुकीचं होतं. आता यावर उपाय कुणाकडे आहे? माझ्याकडे तर नाही.

ऊन उतरलं तशी देवश्री येऊन त्यांच्या पायाशी बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"अण्णा, एक बोलू? रागवू नका."

"बोल."

"चिऊला आता इंग्रजीचं काही नका शिकवू."

"बरं," अण्णा म्हणाले.

"ते हाताचं पण नको. फोनवर पण नको. तिचं अजून सुटून जाईल. माझं नाही सुटत आहे, अण्णा, मी खूप केलं." आणि मग तिला रडू फुटलं. तिन्ही वेळा त्या शाळेतून परत येताना जे आलं नव्हतं ते सगळं आलं. अण्णांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, जरा वेळ तसाच धरला आणि परत आपल्या मांडीवर ठेवला. "बरं," ते पुन्हा म्हणाले. "नाही शिकवणार."

दिवेलागण झाली. देवश्रीने तोंड धुतलं, देवापाशी निरांजन लावलं आणि चिऊला हाक मारली. पुराणिकांच्या घरचा परवचा अजून सुटलेला नाही. घर कुठेही असो, दिवा लागला की पोराने मांडी घालून म्हणायचं. चिऊ बसली, डोळे मिटले आणि सवयीने तिचा उजवा हात गुडघ्याभोवती फिरायला लागला. देवश्रीने पाहिलं. मागे बसून तिने हलकेच चिऊचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि घट्ट धरून ठेवले. आता हे संस्कृत होतं. इथे मात्रा खऱ्या होत्या, इथे दीर्घ दोन मात्रांचाच होता, इथे अण्णांचं माप तसूभर चुकीचं नव्हतं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती, आणि अण्णांनीही सांगितलं नाही. त्यांनी आपले दोन्ही तळहात मांडीखाली सरकवले होते.

चिऊने पहिल्या ओळी म्हटल्या, घाईघाईने, आखूड करत. हात धरलेले, त्यामुळे तिला ताल सापडेना. मध्येच थांबली. परत मागून सुरू केलं, परत तिथेच अडकली. मग डोळे उघडून तिने खाटेकडे पाहिलं.

"आजोबा, पुढे काय आहे?"

अण्णांना ते दूध पिता पिता पाठ झालेलं. त्यांचे ओठ हललेही. पण आवाज काढण्याआधी त्यांनी देवश्रीकडे पाहिलं, परीक्षेला बसलेलं पोर बाईंकडे पाहतं तसं.

"सांगू का?" त्यांनी विचारलं.